फाटेबाईंचा शेवटचा फाटा

त्यांचं खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर होतं आणि तिथंच राहिलं. ऑफिसात सगळे त्यांना फाटेबाई म्हणत, पाठीमागेही आणि तोंडावरही. ज्या गृहस्थानं हे नाव ठेवलं तो केव्हाच नोकरी सोडून गेला, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. बाईंना त्याचा राग यायचा का? मुळीच नाही. उलट कुणी नवा माणूस बिचकत बिचकत ‘मॅडम’ म्हणाला की त्याच त्याला अडवायच्या. “अहो, फाटेबाई म्हणा. फाटे फोडण्याचाच पगार घेते मी.”

आणि त्यात खोटं काही नव्हतं. त्यांची कंपनी कंपायलर बनवायची. कंपायलर म्हणजे काय, हे बाईंनी एकदा आपल्या वहिनीला ओट्याशी उभं राहून सांगितलं होतं. “माणूस त्याच्या भाषेत लिहितो, यंत्राला त्याची स्वतःची भाषा कळते. मधे जो दुभाषी बसतो तो कंपायलर. तो खरं सांगतोय की स्वतःच्या पदरचं काही घुसडतोय, हे मी बघते.”

“म्हणजे वन्सं, तुम्ही चहाडखोर,” वहिनी म्हणाली.

“हो, पण पगारी,” बाई म्हणाल्या आणि चहाचा कप विसळून ठेवला.

हा दुभाषी ज्या भाषेसाठी होता ती भाषा अवजड यंत्रं चालवणाऱ्यांसाठी होती. तिच्यात एक सोय होती. आलेला शब्द ‘उचला’ असेल तर हे करा, ‘थांबा’ असेल तर ते करा, ‘सोडा’ असेल तर आणखी काही, अशा वाटा एकाखाली एक लिहायच्या. त्या प्रत्येक वाटेला कंपनीत फाटा म्हणत. आणि सगळ्यांच्या खाली, तळाला, एक शेवटचा फाटा असायचा. त्याचं नाव ‘इतर’. वरच्या कुठल्याच शब्दाशी न जुळणारा शब्द आला की तो तिथं जायचा, आणि यंत्र स्वस्थ उभं राहायचं.

बाकीचे लोक चाचण्या लिहीत त्या जुळण्याच्या. ‘उचला’ म्हटलं की उचलतं ना? उचलतं. झालं, पुढे. फाटेबाईंची तऱ्हाच उलटी. जुळू नये ते जुळतंय का, हे त्या आधी बघायच्या. ‘उचला’ लिहिलं की त्याच्या खाली ‘उचल’, ‘उचलू’, ‘उचलला’, मधेच एक मोकळी जागा सोडलेलं ‘उच ला’, असली सगळी बिनबोलावलेली मंडळी रांगेत उभी करायची आणि प्रत्येकाला ‘इतर’च्या दारातून आत जाताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं. हे काम किचकट होतं, रटाळ होतं, आणि बाईंना ते मनापासून आवडायचं. असल्या कामाला माणूस थोडा खवचटच लागतो.

‘इतर’वर त्यांचा जीव का, याचं एक घरगुती कारणही होतं. त्यांच्या इमारतीच्या सोसायटीनं एकदा घराघरातल्या माणसांची माहिती मागवली. कुटुंबप्रमुख म्हणून भावाचं नाव. मग नात्यांचे पर्याय छापलेले: पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील. बहिणीचा पर्यायच नव्हता. वहिनीनं पेन हातात धरून विचारलं, “वन्सं, तुम्हाला कशात घालू?” बाईंनी पेन घेतलं, ‘इतर’वर अशी जोरात खूण केली की कागद फाटला, आणि वर म्हणाल्या, “निदान खोट्या नात्यात तरी कोंबलं नाहीस.” लग्न केलं नाही म्हणून त्यांना काही वाटायचं नाही. पण या कागदाचं त्यांना वाटलं होतं, आणि पुढे बरेच दिवस वाटत राहिलं.

दुसरं कारण त्यांचे वडील. बाबा आयुष्यभर मालाच्या यार्डात क्रेन चालवत होते. उंच काचेच्या खोलीत बसायचं, खालून माणूस ओरडेल ते ऐकायचं, दांडा ओढायचा. त्यांचा एकच नियम होता: ओरडणं नीट कळलं नाही तर हात दांड्यावरून काढून मांडीवर ठेवायचा. एके दिवशी वाऱ्याच्या गोंगाटात खालून काहीतरी आरोळी आली, शब्द काही कळला नाही, आणि बाबांनी हात मांडीवर ठेवला. माल हवेत लोंबकळत राहिला, खाली गाड्यांची रांग लागली, यार्डाचा सुपरवायझर शिडी चढून वर आला आणि लाल होऊन ओरडला, “ऐकू आलं नाही का?”

“आलं ना. म्हणूनच थांबलो,” बाबा म्हणाले.

या उत्तरापायी त्यांना क्रेनवरून उतरवून गोदामात बसवलं. तिथूनच ते निवृत्त झाले. आई असेपर्यंत ही गोष्ट निघाली की म्हणायची, “ओढला असता दांडा तर काय बिघडलं असतं?” आणि बाबा दर वेळी तितक्याच तिखटपणे म्हणायचे, “ते मला माहीत नव्हतं, हेच तर सांगतोय!” आता बाबा थकले होते, खिडकीशी बसून असायचे, पण या एका वाक्याला अजून धार होती.

तर आता घोडं कुठं अडलं ते सांगतो.

ऑफिसात एक तरुण प्रोग्रॅमर होता. त्याला सगळे सुसाट म्हणत, कारण त्याला वेगाचं वेड होतं. वाईट नव्हता तो. हुशार होता, हसरा होता, आणि आपलं काम कुणी अडवलं की त्याचं तोंड लहान मुलासारखं व्हायचं. त्यानं फाट्यांच्या जुळवणीला नवी युक्ती काढली. सगळा शब्द अक्षर अक्षर वाचत बसायचंच कशाला? शब्द किती लांब, सुरुवात कशानं, शेवट कशानं, एवढं पाहिलं की यादीतले सगळे शब्द वेगवेगळे पडतात. तेवढं पाहायचं आणि थेट त्या फाट्यावर उडी मारायची. पूर्वी उडी मारल्यावर शेवटी एकदा पूर्ण शब्द ताडून पाहिला जायचा. सुसाटनं ती ओळही काढून टाकली. कंपायलर वाऱ्यासारखा धावू लागला. सगळ्या चाचण्या हिरव्या, म्हणजे पास झाल्या. साहेबांनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, सुसाटच्या पाठीवर थाप मारली आणि एका मोठ्या गिऱ्हाइकाला वेगाचा आकडा कळवूनही टाकला.

हे गिऱ्हाईक बोलून चालणाऱ्या लिफ्ट बनवायचं. जड माल चढवायच्या, उतरवायच्या लिफ्ट. कामगाराचे दोन्ही हात गुंतलेले असतात, म्हणून त्यानं नुसतं बोलायचं. यंत्र बोलण्याचा शब्द करणार, शब्द फाट्यांशी जुळवणार, लिफ्ट हलणार. यादी ठरलेली होती: उचला, खाली घ्या, थांबा, धरा, सोडा, डावीकडे, उजवीकडे. आणि तळाला इतर.

बाईंनी आपली बिनबोलावलेली मंडळी आणली. ‘थोपवा’ असं दिलं. यंत्र थांबलं.

“बघा!” सुसाट त्यांच्या खुर्चीमागून म्हणाला. “यादीत नाही तरी अर्थ कळला. किती हुशार झालाय!”

“हुशार नाही रे, नशीबवान आहे,” बाई म्हणाल्या. “तेवढीच लांबी, तोच थ, तोच काना. म्हणून याला तो ‘थांबा’ वाटला. आता हे बघ.” आणि त्यांनी ‘उतरा’ असं टंकलं.

पडद्यावर उत्तर आलं: उचलत आहे.

बाईंनी ‘उघडा’ दिलं. उचलत आहे. ‘उलटा’ दिलं. उचलत आहे. आपण बरोबर निघालो याचा आनंद त्यांना एरवी हमखास व्हायचा, त्या दिवशी तो झाला नाही.

“पण ‘उतरा’ यादीतच नाही,” सुसाट म्हणाला. “यादीत ‘खाली घ्या’ आहे. कोण म्हणणार ‘उतरा’?”

“माणूस म्हणणार. पाठीवर ओझं असलेला माणूस यादी पाठ करून येतो का? आणि यादीत नाही म्हणूनच तो ‘इतर’मध्ये जायला हवा. तू त्याला ‘उचला’च्या दारातून ढकललंस.”

“मग शेवटची ताडून पाहायची ओळ परत घालावी लागेल.”

“घाल की.”

“बाई, वेग जाईल! साहेबांनी आकडा कळवलाय.”

साहेबांच्या केबिनमध्ये तिघं बसले. साहेब माणूस तसा समंजस, पण दिलेला शब्द मागे घ्यायचा म्हणजे त्यांच्या अंगावर काटा यायचा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, “असं करू. ती ‘उतरा’ची चाचणी तूर्त ‘वगळा’ करा. पुढच्या आवृत्तीत बघू.”

चाचणीवर ‘वगळा’ अशी खूण केली की ती चालतच नाही आणि लालही दिसत नाही. कंपनीत ही खूण सर्रास चालायची. म्हणायला तूर्त, आणि त्या तूर्तवर वर्षानुवर्षं धूळ साचायची.

“नाही,” बाई म्हणाल्या.

“मी विचारत नाहीये, फाटेबाई. सांगतोय.”

“मीही सांगतेच आहे. चाचणी खोटी असेल तर आत्ता पुसते. खरी असेल तर ती लाल दिसणार. तुम्ही ठरवा, खरी की खोटी?”

साहेब म्हणाले, “खरी आहे हो, पण प्रत्येक गोष्टीला फाटे फोडून कंपनी चालत नाही.” मग आवाज खाली आणून, “मदतपानं लिहायला माणूस हवाच आहे. तुमची भाषा चांगली आहे. विचार करा.”

मदतपानं म्हणजे भाषा कशी वापरावी याची माहिती. ती लिहिणारा माणूस जिन्याखालच्या खोलीत बसायचा आणि चाचण्यांना हात लावायची त्याला मुभा नसायची. बाईंना गोदाम आठवलं. लहानपणी तिथं पाहिलेली वडिलांची खुर्ची, तिच्यावरचा पिवळा दिवा. त्या उठल्या आणि दार जरा जोरातच लागलं.

मग सुरू झाला एक हास्यास्पद खेळ. संध्याकाळी सुसाट साहेबांच्या सांगण्यावरून ‘वगळा’ घालायचा. सकाळी बाई आल्या की पर्ससुद्धा खाली न ठेवता ते काढायच्या. भिंतीवरचा मोठा पडदा सकाळी लाल, संध्याकाळी हिरवा. कोण काय करतंय हे सगळ्यांना दिसत होतं, पण सगळे मूग गिळून बसले होते. कॅन्टीनमध्ये बाईंच्या टेबलाशी कुणी बसेना. एकानं तर हळूच सांगितलं, “बाई, साहेबांचे वार्षिक अहवाल लिहायचे दिवस आहेत, जरा दमानं घ्या.” बाई म्हणाल्या, “मी दमानंच घेतेय. रोज सकाळी एकदाच काढते.”

घरी वहिनीनं ऐकलं आणि तिचाही जीव वर-खाली झाला. “वन्सं, तुमचं खरं आहे, पण तुम्हाला त्या जिन्याखाली बसवलं तर? या वयात?” तिला खरंच काळजी होती, टोमणा नव्हता. बाईंना तिच्यावर चिडता येईना. बाबा खिडकीशी बसून ऐकत होते. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, “‘उतरा’ म्हटलं तर वर जातं?”

“वर जातं.”

बाबांनी हात मांडीवर ठेवला आणि बाहेर बघत राहिले.

गिऱ्हाईक आलं त्या दिवशी सभागृहात नमुन्याची छोटी लिफ्ट उभी केली होती, माणसाच्या उंचीची, मधे एक लोखंडी पाळणा. पाळण्यावर साहेबांनी पाहुण्यांसाठी आणलेला फुलांचा गुच्छ ठेवला होता. कल्पना अशी की गिऱ्हाइकाकडच्या खरेदीच्या प्रमुख बाईंनी स्वतः ‘उचला’ म्हणायचं आणि गुच्छ आपसूक त्यांच्या हाताशी यायचा. फाटेबाईंना निरोप होता: मागच्या रांगेत बसा, विचारल्याशिवाय बोलू नका. त्या दिवशीही सकाळी त्यांनी ‘वगळा’ काढलं होतं आणि साहेबांनी भिंतीवरचा पडदाच बंद करून ठेवला होता. तो काळा पडदा पाहूनच बाईंचं ठरलं.

सुसाटनं यादीतला एक एक शब्द म्हणून दाखवला. पाळणा झटझट हलला. सुंदर हलला, यात वाद नाही. टाळ्या पडल्या. पाळणा खालून हातभर वर येऊन थांबला होता. साहेब म्हणाले, “कुणाला काही शंका?” असं विचारताना कुणी मागच्या रांगेकडे बघत नाही, साहेबांनी मात्र बघितलं.

फाटेबाई उठल्या. खुर्च्यांमधून वाट काढत पुढे आल्या.

“फाटेबाई,” साहेब दात आवळून हसत म्हणाले, “आज तरी फाटे फोडू नका.”

“फाटे तुम्हीच फोडलेत, साहेब. मी फक्त शेवटचा मागतेय,” बाई म्हणाल्या आणि सुसाटकडे हात पुढे केला. सुसाटच्या हातात माइक होता. त्यानं साहेबांकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. माइक त्यानं दिला नाही, पण घट्ट धरूनही ठेवला नाही. बाईंनी तो घेतला आणि यार्डात खालून वर हाक मारावी तशी खणखणीत हाक मारली.

“उतरा!”

पाळणा वर गेला. गुच्छ वरच्या आडव्या दांड्याला जाऊन आपटला, चेपला, आणि पाकळ्या पहिल्या रांगेवर पडल्या. कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

खरेदीच्या बाईंनी मांडीवरच्या पाकळ्या झटकल्या. “हे पुन्हा करता येईल?”

पाळणा खाली घेतला. फाटेबाईंनी माइक त्यांच्याच हातात दिला. “तुम्ही म्हणा. ‘उलटा’ म्हणा, ‘उघडा’ म्हणा.” त्या बाईंनी ‘उलटा’ म्हटलं. पाळणा वर गेला, आणि गुच्छाचं जे काही उरलं होतं तेही गेलं.

“हे तुम्हाला आधी माहीत होतं?” त्यांनी साहेबांना विचारलं.

“तो शब्द यादीबाहेरचा आहे,” साहेब म्हणाले.

“मी ते विचारलं नाही.”

पाहुणे चहा न घेता उठले. जाताना खरेदीच्या बाई एवढंच म्हणाल्या की यादीबाहेरच्या शब्दाला यंत्र थांबेल तेव्हा बोलवा, तोवर आकडे पाठवू नका.

आता कुणी म्हणेल, बाईंचा विजय झाला. कसला विजय! दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावर बदलीचा कागद होता. सगळ्यांसमोर साहेबांना तोंडघशी पाडलं होतं, ते फुकट थोडंच जाणार? कुणी त्यांच्या बाजूनं बोललं नाही. बाईंनी आपला कप, खुर्चीवरची उशी आणि कात्री उचलली आणि जिन्याखालच्या खोलीत गेल्या. खोलीत दिवा पिवळाच होता. त्या खुर्चीवर बसल्या आणि थोडा वेळ रडल्या. खोटं कशाला सांगू, चांगल्या रडल्या. त्या चाचण्या त्यांनी पोटच्या पोरांसारख्या वाढवल्या होत्या आणि आता त्यांना बोटही लावता येणार नव्हतं. ‘उतरा’वर कुणी ‘वगळा’ घातलं तर सकाळी ते काढायला कोण होतं?

मग नाक पुसून त्यांनी फाट्यांच्या जुळवणीचं मदतपान उघडलं. त्यात ‘इतर’बद्दल अर्धी ओळ होती. ती पुसून त्यांनी लिहिलं: “यादीत नसलेला शब्द आला तर यंत्र थांबते. न थांबल्यास चूक तुमची नाही, आमची आहे. कळवा.” ‘आमची आहे’ वाचून साहेब भडकतील हे त्यांना माहीत होतं. म्हणून ते त्यांनी ठळक केलं.

संध्याकाळी निघायच्या वेळी दारात सुसाट उभा. या वेळेला तो ‘वगळा’ घालायला बसलेला असायचा. बाई नुसत्या त्याच्याकडे पाहत राहिल्या.

“ती ओळ परत घातली,” तो म्हणाला. “ताडून पाहायची.”

“साहेबांनी सांगितलं?”

“नाही. ते अजून कुणाशी बोलतच नाहीयेत.” तो खाली बघत म्हणाला, “वेग गेला थोडा. आणि बाई, ‘वगळा’ काढलंय. ‘उतरा’ हिरवा आहे. मी खाली आणखी काही शब्द घातलेत, न जुळणारे. एकदा बघाल का? मला तुमच्यासारखं वाकडं सुचत नाही.”

“मला आता हात लावायची मुभा नाही.”

“बघायला कुठं मुभा लागते? मी टंकतो, तुम्ही मागून फाटे फोडा,” सुसाट म्हणाला.

बाई हसल्या. त्या दिवसात पहिल्यांदाच. उद्या येते म्हणाल्या.

घरी आल्या तेव्हा वहिनी दारातच होती. चेहऱ्यावरून तिला कळलं. “बसवलं ना जिन्याखाली?” ती म्हणाली आणि चहा टाकायला वळली. बाई बाबांच्या शेजारी जाऊन बसल्या. माइक, गुच्छ, बदलीचा कागद, पिवळा दिवा, सगळं सांगितलं. पिवळ्या दिव्याचं ऐकून बाबा नुसते हुंकारले. मग म्हणाले, “ते राहू दे. आता ‘उतरा’ म्हटलं की काय करतं?”

“थांबतं.”

बाबांनी लेकीचा हात ओढून घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवला.

“मग त्याला ऐकू आलं,” ते म्हणाले.